नामंजूर... पण का?

'क्रेडिट' हा शब्द मला आयुष्यात तीन वेळा भेटला. पहिल्यांदा कॉन्व्हेंटमध्ये. तिथं एखादं चांगलं काम केलं की टीचर म्हणायच्या, "क्रेडिट गोज टू..." आणि पुढं बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचं तरी नाव यायचं! दुसऱ्यांदा इथं इंजिनिअरिंगला. इथं चार क्रेडिटचा सब्जेक्ट राहिला की पुढचं सेमिस्टर जड जातं, हे ज्याचं त्याला माहीत. आणि तिसऱ्यांदा हा शब्द आमच्या घरात आला तो गेल्या वर्षी, एका मेसेजमधून. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की याला मराठीत फार जुना आणि वजनदार शब्द आहे. पत.

आमच्या कागल भागात पत ही कुणी मोजत नाही. ती असते किंवा नसते. किराणा दुकानदाराच्या लाल वहीत नाव असतं, दहा दिवसांचं दुधाचं बिल आलं की त्यातलं निम्मं खोडलं जातं. भिशीत पहिला नंबर कुणाला द्यायचा हे गल्ली ठरवते. विकास सोसायटीत "अमक्याचा पोरगा हाय" एवढं सांगितलं की निम्मं काम झालं. माझे पप्पा या हिशेबात एकदम वरच्या नंबरला. कुणाचा रुपया ठेवला नाही, कुणाला नाही म्हटलं नाही.

मग आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले. घरात जमलेले पैसे पुरणार नव्हते, म्हणून पप्पांनी एका बँकेत तीन लाखांच्या पर्सनल लोनसाठी अर्ज केला. पंचतारांकित एमआयडीसीतल्या फाउंड्रीत बावीस वर्षांची नोकरी, पगार बँकेत जमा, कागदपत्रं सगळी फाईलला लावलेली. आम्हाला वाटलं, झालंच! चौथ्या दिवशी मेसेज आला, पाठोपाठ ईमेल. इंग्रजीतलं काहीही आलं की आमच्या घरात ते माझ्याकडं येतं. एवढी वर्षं कॉन्व्हेंटची फी भरली ती कशासाठी! मी वाचलं. बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही, क्षमस्व, आपल्या सेवेची संधी पुन्हा मिळावी, धन्यवाद. प्रत्येक शब्दाचा अर्थ मला येत होता आणि तरी पत्राचा अर्थ मला सांगता येत नव्हता. लग्नाच्या स्थळाला नकार कळवताना लोक "योग नाही" म्हणतात ना, अगदी तसं. खरं कारण काय ते ज्याचं त्याला ठाऊक!

पप्पा म्हणाले, "कुणाचं एक रुपायचं देणं चुकवलं नाही, आणि मला नाही म्हणत्यात?"

त्यानंतर ते या विषयावर बोललेच नाहीत. हेच मला जास्त लागलं. पैशाची सोय कुठून तरी होईल, पण बावन्न वर्षांच्या माणसाला कुणीतरी न बघता, न भेटता 'तू चालत नाहीस' असं सांगितलं होतं. ते गल्लीत कुणाला सांगू नका म्हणाले. जणू त्यांनीच काही केलं होतं.

आता थोडं त्यांच्या कामाविषयी. पप्पा फाउंड्रीत इन्स्पेक्शनला आहेत. दिवसभर कास्टिंग तपासायचं, चांगलं असेल ते पुढं पाठवायचं, खराब असेल त्यावर खूण करून बाजूला काढायचं. म्हणजे माणूस स्वतःच रोज डझनांनी रिजेक्ट करतो! पण त्यांच्याकडं एक नियम आहे. रिजेक्ट केलं की डिफेक्ट लिहावा लागतो. ब्लो होल आहे, श्रिंकेज आहे, की कोल्ड शट, म्हणजे धातूचे दोन प्रवाह मिळालेच नाहीत. कारण न लिहिता बाजूला काढलं तर मोल्डिंगवाले भांडायला येतात, आणि त्यांचं बरोबर असतं. कारण कळलं तर वाळू बदलता येते, धातूचं तापमान बदलता येतं. कारण कळलं नाही तर पुढचं कास्टिंगही तसंच निघणार.

एका रात्री जेवताना मी म्हटलं, "पप्पा, बँकेनं रिजेक्ट केलं ते केलं. पण डिफेक्ट कुठं लिहिलाय?" ते पहिल्यांदा हसले.

मग मी शोधाशोध केली. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की कर्जाचा अर्ज नाकारला तर नाकारण्याचं मुख्य कारण अर्जदाराला लेखी कळवावं. २००३ साली हा नियम छोट्या कर्जांपुरता होता, २००७ पासून तो सगळ्या रकमेच्या कर्जांना आणि क्रेडिट कार्डाच्या अर्जांनाही लागू केला. 'अंतर्गत धोरण' हे काही कारण नव्हे. साध्या कागदावर अर्ज लिहिला, पप्पांनी सही केली, शाखेत देऊन पोच घेतली. आठवड्यानं उत्तर आलं. त्यात दोन कारणं होती. एक, क्रेडिट रिपोर्ट. दोन, पगाराच्या मानानं हप्त्यांचा बोजा.

पर्सनल लोन हे विनातारण असतं, हे आधी समजून घेतलं पाहिजे. घर, गाडी, सोनं असलं काही बँकेच्या हातात नसतं. त्यामुळं ती दोनच गोष्टी बघते. हा माणूस आजवर कसा वागला आणि याच्या हातात महिन्याला किती उरतं. पहिल्याचं उत्तर क्रेडिट रिपोर्टमध्ये असतं. भारतात ही नोंद ठेवणारी पहिली कंपनी, सिबिल, २००० साली स्थापन झाली. २००५ मध्ये त्यासाठी खास कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत, आणि आपण ज्याला 'सिबिल स्कोअर' म्हणतो तो ३०० ते ९०० मधला एक आकडा. प्रत्येक कंपनीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा नियम २०१७ पासून आहे. आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्यानं स्कोअर अजिबात कमी होत नाही.

आम्ही तो मागवला. पप्पांची स्वतःची कर्जं स्वच्छ होती, एकही हप्ता चुकलेला नाही. पण खाली एक अनोळखी ओळ होती. टेम्पोचं कर्ज, एक सहकारी बँक, तीन हप्ते थकीत. आणि पप्पांचं नातं त्या कर्जाशी काय? जामीनदार.

सहा वर्षांपूर्वी पप्पांच्या एका मित्रानं टेम्पो घेतला होता. "नुसती सही पाहिजे" म्हणून आला होता. आपल्या भागात 'नुसती सही' ही चहाइतकी साधी गोष्ट आहे. नाही म्हणणं म्हणजे मैत्री तोडणं! पण १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच धरली आहे. म्हणजे टेम्पो त्याचा, भाडं त्याचं, आणि देणं मात्र दोघांचं. पूर्वी गावातल्या अशा सह्या शहरातल्या बँकेला दिसत नव्हत्या. २०१५ साली रिझर्व्ह बँकेनं सहकारी बँकांसकट सगळ्या बँकांना या चारही कंपन्यांचं सभासद व्हायला लावलं आणि वह्या एकमेकींना जोडल्या गेल्या. गंमत बघा. ज्या सहीमुळं पप्पांची गल्लीत पत वाढली, त्याच सहीमुळं बँकेत घटली. माणूस तोच. वह्या दोन.

दुसरं कारण म्हणजे शुद्ध गणित. आकडे सोयीसाठी गोल करून सांगते. हातात येणारा पगार ३२,००० रुपये. आधीचे हप्ते, म्हणजे घराची दुरुस्ती आणि मोटरसायकल, मिळून ९,०००. आता तीन लाख रुपये १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण १०,२५० येतो. एकूण १९,२५०, म्हणजे पगाराच्या ६० टक्के. सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याच्या आसपास राहावेत असा अनेक बँकांचा ठोकताळा असतो, प्रत्येकीची रेघ थोडी वर-खाली. तेच तीन लाख पाच वर्षांसाठी मागितले तर हप्ता सुमारे ६,९८० होतो आणि एकूण बोजा ५० टक्क्यांच्या काठावर येतो. म्हणजे माणूस तोच, पगार तोच, फक्त मुदतीचा रकाना बदलला की उत्तर बदलू शकतं! अर्थात फुकट नाही. तीन वर्षांत व्याज ६९ हजार जातं, पाच वर्षांत १ लाख १९ हजार. आणि आमच्या दोन म्हशींचं दूध? ते पैसे खरे, पण पगाराच्या स्लिपवर नाहीत, म्हणून त्या गणितात नाहीत.

पत्रात न लिहिलेलं एक तिसरं कारणही असू शकतं, आणि ते अर्जदाराच्या हातात मुळीच नसतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पर्सनल लोनसारख्या कर्जांचा जोखीम-भार १०० वरून १२५ टक्के केला. सोप्या भाषेत, असं प्रत्येक कर्ज देताना बँकेनं स्वतःचं भांडवल पूर्वीपेक्षा जास्त बाजूला ठेवायचं. मग बँका हात आखडता घेणारच. आदल्या वर्षी ज्याला सहज मिळालं असतं त्याला 'नाही' ऐकावं लागतं, आणि तो बिचारा आपल्यात काय खोट आहे ते शोधत बसतो.

हे नवीन नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस बंद झाला, इंग्लंडच्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस हवा झाला. कापसाला भाव, म्हणून सावकार दख्खनच्या शेतकऱ्याला हात सैल सोडून कर्ज देत होते. युद्ध संपलं, भाव पडले, वर सरकारनं शेतसारा वाढवलेला, आणि सावकारांनी उसनं देणं बंद केलं, जुन्या वसुलीचा तगादा लावला. शेतकरी तोच, जमीन तीच. बदललं होतं ते सात समुद्रापलीकडं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोक सावकारांवर चालून गेले, कर्जाची खतं आणि वह्या काढून त्यांची होळी केली. तो उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. सरकारनं चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. त्या माणसांना आपण कशावर अंगठा केलाय तेसुद्धा वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी कागद जाळले. आपल्याला वाचता येतं. मग आपण निदान कागद मागावा!

आजीचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, तिच्याच पाटल्या तारण ठेवून. सोन्यावर कर्ज देताना पप्पांच्या बावीस वर्षांच्या नोकरीविषयी कुणी फारसं विचारलं नाही, सोनं तेवढं वजन करून घेतलं. पप्पा टेम्पोवाल्या मित्राच्या घरी जाऊन आले. भांडले नाहीत, रिपोर्टचा कागद समोर ठेवला. त्यानं दोन हप्ते भरले, तिसऱ्याचं अजून चाललंय. मैत्री आहे, पण पूर्वीसारखा तो चहाला येत नाही. हे मात्र कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही.

आता हॉस्टेलवरच्या मित्रमैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल की हा विषय आपला नाही, आपली मजल मेसचं बिल आणि झेरॉक्सच्या उधारीपर्यंत. पण हप्त्यावर मोबाईल घेतलाय ना? एज्युकेशन लोन आहे ना? मग तुमची वही उघडली गेली आहे, आणि एज्युकेशन लोनमध्ये सहकर्जदार म्हणून तुमच्या आईवडिलांच्या वहीतही ती ओळ आहे. एका ठिकाणी नकार आला की चिडून लगेच पाच ॲपवर अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये दिसते आणि पुढच्याला वाटतं, हा फारच अडलेला दिसतोय. रिपोर्टमध्ये चुकीची नोंद असेल तर तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. कधीच कर्ज घेतलं नाही म्हणून घाबरू नका. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज केवळ जुनी नोंद नाही म्हणून नाकारू नये, हे सरकारनं २०२५ मध्ये संसदेत स्पष्ट केलंय. आणि रूम पार्टनर "नुसती सही पाहिजे" म्हणाला तर सही जरूर करा, पण त्याचे हप्ते आपल्याला भरता येतील का, एवढा हिशेब आधी करा.

फाउंड्रीत रिजेक्ट झालेलं कास्टिंग फेकून देत नाहीत. ते परत भट्टीत जातं, वितळतं आणि नव्या साच्यात ओतलं जातं. लोखंड वाईट नसतं, त्या वेळचा साचा चुकलेला असतो. अर्जाचंही तसंच. नामंजूर होतो तो अर्ज, माणूस नव्हे. पप्पांना हे पटायला तीन महिने लागले. परवा गल्लीतल्या एकाचं कर्ज नाकारलं गेलं, तो तोंड पाडून आमच्या कट्ट्यावर येऊन बसला. पप्पांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, "डिफेक्ट काय लिहिलाय ते विचारलंस काय?"