हाताला कळणारा रस्ता

टायर रस्त्याला टेकतो ती जागा जेमतेम तळहाताएवढी असते. चार टायर, चार तळहात. टनभर वजनाची गाडी, तिच्यातली माणसं, तिचा वेग, तिचं वळणं, तिचं थांबणं, सगळं या चार तळहातांवर तोललेलं. गाडी चालवण्यात एवढी कसली मजा, असं कुणी विचारलं की मी या जागेपासूनच बोलायला लागतो. मला आवडलेल्या प्रत्येक गाडीने तिथली बातमी माझ्या हातापर्यंत आणून दिली आहे. ज्या मनात उतरल्या नाहीत, त्यांतल्या कित्येक दुप्पट-तिप्पट ताकदीच्या होत्या. पण त्यांनी ती बातमी मधेच कुठेतरी गिळून टाकली.

ही बातमी पोचते कशी, ते पाहण्यासारखं आहे. वळण घेताना पुढचे टायर किंचित पिळले जातात. चाकाचं तोंड एका दिशेला आणि गाडीची चाल त्याहून जराशी वेगळ्या दिशेला, असं होतं. पिळलेलं रबर पुन्हा सरळ व्हायला धडपडतं आणि त्याची ती धडपड स्टिअरिंगमध्ये जडपणा होऊन हाताला लागते. वेग थोडा वाढवला की जडपणा वाढतो. वळण आवळलं की आणखी वाढतो. आणि मग, टायरची पकड सुटायच्या किंचित आधी, तो जोर ओसरायला लागतो. स्टिअरिंग हातात हलकं होतं. गाडी अजून घसरलेली नसते, पण ती घसरू शकेल हे हाताला आधी कळतं आणि डोक्याला नंतर. यंत्राने माणसाशी इतक्या नेमकेपणाने बोलावं, याचं मला आजही नवल वाटतं.

अर्थात हे सगळं स्टिअरिंगने हातापर्यंत येऊ दिलं तर. जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगला मदत करायचा तो तेलाचा दाब. त्यातून रस्त्याची बारीक थरथर बरीचशी वर यायची. पुढे इंधन वाचावं म्हणून इलेक्ट्रिक मोटर आली आणि कितीतरी गाड्यांचं स्टिअरिंग मऊ झालं, हलकं झालं, मुकं झालं. २०११ मध्ये पोर्शने ९११ ला इलेक्ट्रिक स्टिअरिंग दिलं तेव्हा त्या गाडीवर जीव असणारे लोक अस्वस्थ झाले होते. मला ती अस्वस्थता अगदी रास्त वाटते. गाडीचा वेग कमी झाला नव्हता, उलट ती जास्तच चपळ झाली होती. पण हाताला पूर्वी जे मिळायचं त्यातलं काही उणं झालं होतं, आणि ते कुठल्याही तक्त्यात मांडता येत नव्हतं.

आपल्याकडे या सुखाची चव बऱ्याच जणांना फियाटने दाखवली. २००१ मध्ये पॅलिओ आली. तिचं १.६ लिटरचं, सुमारे १०० हॉर्सपॉवरचं इंजिन त्या वेळच्या छोट्या गाडीच्या मानाने भलतंच दांडगं होतं. ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ या आपल्या पहिल्या प्रश्नाला तिच्याकडे बरं उत्तर नव्हतं, आणि बाजारात तिचं जे व्हायचं ते झालं. पण मित्राची ती गाडी घेऊन मी आंबोली चढलो आहे, आणि तो घाट मला तिच्या स्टिअरिंगसकट आठवतो. वजनदार, भरीव स्टिअरिंग. डांबर गुळगुळीत कुठे आहे, खडी कुठे उघडी पडली आहे, झाडाच्या सावलीतला ओलावा कुठे सुरू झाला, हे बोटांना कळायचं. वळणाआधी ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे सरकायचं, पुढचे टायर रस्त्यात रुतल्यासारखे व्हायचे, आणि त्याच घडीला स्टिअरिंग वळवलं की नाक हव्या त्या जागी नेमकं जायचं. वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटर जरासा सोडला की गाडी आपण होऊन आतल्या अंगाला वळायची. सगळा कारभार चाळीस-पन्नासच्या वेगातला. घाटात समोरून एसटी येते, कठड्यावर माकडं बसलेली असतात. तिथे यापेक्षा जोरात जाऊच नये. आणि तिला त्याची गरजही नव्हती.

त्याच कंपनीची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आपल्या रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडली. व्हिएन्नात जन्मलेल्या कार्लो अबार्थने १९४९ मध्ये इटलीत काढलेल्या कंपनीचा विंचवाचा बिल्ला तिच्या नाकावर होता. १४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि तेव्हाही तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग. पुण्याजवळच्या एमआयडीसीत असली गाडी जुळवली जात होती, याचा मला मनापासून अभिमान आहे.

ताकद कमी असली तरी चालेल असं मी म्हणत नाही. पिकअप हवंच. उजवा पाय दाबला की गाडीने लगेच ओ दिली पाहिजे, विचार करत बसता कामा नये. पण ताकदीच्या मागे धावताना एक गोष्ट हातची जाते. गाडीची कुवत इतकी वाढते की घाटात, गावाबाहेरच्या रस्त्यावर, कायद्याच्या आणि शहाणपणाच्या वेगात तिला काही करावंच लागत नाही. पकडीची हद्द कुठे तरी खूप लांब राहते. टायरला ताण पडत नाही, म्हणून स्टिअरिंगला सांगण्यासारखं काही उरत नाही आणि माणूस नुसता बसून राहतो.

टोयोटाचे तेत्सुया तादा यांनी हे ओळखलं होतं. सुबारूच्या साथीने त्यांनी जीटी ८६ घडवली, ती २०१२ मध्ये बाजारात आली. स्पोर्ट्स कारला रुंद, चिकट टायर घालायचे हा शिरस्ता. यांनी अरुंद घातले, आणि तेही इंधन वाचवणाऱ्या काही प्रियस गाड्यांना बसायचे त्याच जातीचे मिशेलिन. पकड मुद्दाम कमी ठेवली, म्हणजे गाडीचा मागचा भाग बेताच्या वेगातही हलेल आणि ती हालचाल सावरण्याचं काम चालवणाऱ्याच्या वाट्याला येईल. इंजिनाला टर्बो दिला नाही. त्यावर टीका झाली, ताकद कमी पडते म्हणून लोक कुरकुरले. मला मात्र तो निर्णय धाडसाचा वाटतो. आपली गाडी घड्याळाच्या शर्यतीत मागे पडेल हे ठाऊक असताना चालवणाऱ्याचा आनंद आधी धरायचा, हे मोठ्या कंपनीत बसून करणं सोपं नसतं.

त्याआधीच्या पिढीत हीच वाट हिरोशिमाच्या माझदाने धरली. १९७९ मध्ये बॉब हॉल या अमेरिकन पत्रकाराने माझदाचे अभियंते केनिची यामामोतो यांच्याकडे आग्रह धरला, की जुन्या इंग्रज गाड्यांसारखी एक हलकी, उघड्या टपाची, दोन माणसांची गाडी करा. दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, एमएक्स-५ आली. पहिल्या गाडीचं इंजिन १.६ लिटरचं, ताकद जेमतेम ११५ हॉर्सपॉवर, वजन टनाच्या आत. इंजिन पुढच्या आसाच्या मागे ढकललेलं, जोर मागच्या चाकांना, वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत अ‍ॅल्युमिनियमचा एक ताठ सांगाडा जोडलेला. त्यामुळे पायाने मागितलेलं मधे कुठे न लचकता थेट चाकाला मिळतं. ही गाडी वळणात झुकते. आजच्या ताठ सस्पेन्शनच्या गाड्यांपुढे तर जास्तच. पण ते झुकणं मला फार आवडतं, कारण वजन एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जाताना कमरेला समजतं. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या होत्या.

हलकेपणाला पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे. गॉर्डन मरे यांनी मॅक्लरेन एफ-१ घडवली, जी १९९८ मध्ये ताशी ३८६ किलोमीटर वेगाने धावली. पण १९६२ च्या लोटस एलानचं, त्या सातशे किलोंच्याही आतल्या गाडीचं स्टिअरिंग जसं हाताला लागतं, तसं आपल्या गाडीत आणता आलं नाही, याची हळहळ त्यांनी बोलून दाखवली होती. चाकांवर भार कमी, म्हणून स्टिअरिंगला मदतीची गरज कमी. आणि मदत जितकी कमी, तितका रस्ता जवळ.

मग पाय. याबद्दल कमी बोललं जातं, म्हणून मी जरा रेंगाळतो. तीव्र वळणाआधी तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं तर इंजिनाचे फेरे वाढवून घ्यावे लागतात. नाहीतर क्लच सोडताच चाकांना हिसका बसतो आणि नेमक्या नको त्या वेळी गाडी बिचकते. म्हणून उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर ठेवून त्याच पायाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटर क्षणभर टोचायचा. ब्रेकचा दाब कमी-जास्त होऊ द्यायचा नाही. तेवढ्यात डावा हात गिअर टाकतो, डावा पाय क्लच सोडतो. जमलं की गिअर लोण्यात सुरी शिरावी तसा बसतो आणि गाडीला काही झाल्याचं समजतही नाही. हे जमावं म्हणून कुणीतरी कारखान्यात दोन पेडलमधलं अंतर आणि त्यांची उंची मनापासून ठरवलेली असते. ज्या गाडीत ती ठरवलेली नसते, तिचं बाकी कितीही कौतुक झालेलं असो, मी तिच्यावरून मन काढून घेतो.

आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या, म्हणजे क्लचही जाणार, गिअरही जाणार. पण २०२३ मध्ये ह्युंदाईने आयोनिक ५ एन आणली. साडेसहाशेच्या घरातली ताकद, पूर्ण इलेक्ट्रिक, गिअर बदलण्याची मुळीच गरज नाही. तरी तिच्या अभियंत्यांनी तिला आठ गिअरचा आभास दिला. गिअर बदलताना बसणारा हलका झटका, चढत जाणारा आवाज, गिअर उतरवला की मागे ओढणारी मोटर, सगळं. काही जण त्याला खोटेपणा म्हणतात. मी म्हणत नाही. माणसाला गाडीत करण्यासारखं काही हवं असतं, हे त्या अभियंत्यांनी मान्य केलं आणि ते परत मिळवून द्यायला कष्ट घेतले. अडचण राहते ती वजनाची. ती गाडी दोन टनांच्याही वर आहे आणि आवाजासारखं वजन काही कळ दाबून बदलता येत नाही. बॅटरी हलकी होईल, टनाच्या आसपासची एखादी इलेक्ट्रिक गाडी येईल, तिचं स्टिअरिंग कुणीतरी जीव लावून घडवेल, अशी मला खरी आशा आहे. आली की पहिल्यांदा मी तिला घाटात नेईन, पावसाळा सरल्यावर, रस्ता कोरडा असताना, आणि पहिल्या वळणापासून हाताकडे लक्ष ठेवीन.