डोळ्यांत साचलेली चांदी

चांदीवर आपला पिढीजात विश्वास आहे. बाळाचे उष्टावण चांदीच्या वाटीतून होते. काळे पडलेले पैंजण रिठ्याच्या पाण्याने घासले की पुन्हा उजळतात. म्हणूनच ‘अर्गायरोसिस’विषयी प्रथम वाचले तेव्हा मी थबकलो. चांदीच्या संयुगांशी वर्षानुवर्षे संबंध आला तर डोळ्याचा पांढरा भाग राखी-निळसर होतो. चांदीचे सूक्ष्म कण पारपटलाच्या आतल्या थरापर्यंत जाऊन बसतात. हा डाग घासून निघत नाही. औषध थांबवले तरी तो राहतो.

याच चांदीने असंख्य डोळे वाचवले, हेही खरे. लाइपझिगचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी १८८०च्या सुमारास नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या दोन टक्के द्रावणाचा एक थेंब घालायला सुरुवात केली. जन्मतःच जडणाऱ्या, अंधत्व आणणाऱ्या संसर्गाचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास होते. ते एकाच्याही खाली आले.

पुढे अमेरिकेत अल्बर्ट बार्न्स आणि हेरमान हिले यांनी ‘आर्जिरॉल’ हे त्याहून सौम्य औषध आणले. सौम्य म्हणूनच ते दीर्घकाळ वापरण्याचा मोह झाला, आणि कित्येकांच्या डोळ्यांत चांदी साचत गेली. त्या औषधाच्या नफ्यातून बार्न्स यांनी चित्रे घेतली. एकट्या रन्वारचीच १८१ चित्रे त्यांच्या संग्रहात आहेत. डोळ्यांच्या औषधातून उभे राहिलेले हे नेत्रसुख मला निर्भेळपणे घेता येत नाही.

चांदीचे क्षार उजेडात काळवंडतात, या गुणावरच छायाचित्रणाची कला उभी राहिली. त्या कलेला लागणारे सिल्व्हर नायट्रेट तयार करणाऱ्या कामगारांच्या डोळ्यांतही हाच डाग आढळला. त्यांची दृष्टी बहुधा शाबूत राही, म्हणून वैद्यकाने त्याला सहसा निरुपद्रवी मानले. पण समोरच्याच्या नजरेत आपले डोळे वेगळे दिसू लागणे, ही हानी कोणत्या तपासणीत मोजायची?

कलिलरूप चांदीची औषधे सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्ये जाहीर केले. तरीही ‘नैसर्गिक’ म्हणून ती विकली जातातच. शुद्ध वस्तू अपाय करणार नाही, ही आपली समजूत फार जुनी आहे. क्रेडे यांचा थेंब एकदाच पडत होता, एवढे मात्र आपण विसरतो.