टपाची मोकळीक

जळगावात मे महिन्याच्या दुपारी उघड्या जीपच्या पत्र्याला हात लावता येत नाही. पारा ४५ अंशांच्या घरात असतो आणि सावलीसुद्धा तापलेली असते. वडिलांची जुनी महिंद्रा जीप माझ्याकडे आली ती कापडी हुडासह. चार उन्हाळ्यांत ते कापड कडक झालं, घडीघडीवर फाटलं, पावसाळ्यात सीटा भिजू लागल्या. तेव्हा ठरवलं, हिला फायबरचा टप बसवायचा. गाडीच्या छताला आमच्याकडे टपच म्हणतात. काळी-पिवळीच्या टपावर बसून आठवडी बाजार गाठलेल्या पिढीला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर आधी आरटीओत विचारावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम त्यासाठीच आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर बोट ठेवलं. ते सोपस्कार उरकून मी कामाला लागलो. तयार टप आणला, जानेवारीतल्या एका गारठलेल्या सकाळी तो जीपवर ठेवला, भोकं पाडली आणि बोल्ट पान्याने करकचून आवळले. हलवून पाहिलं, जरासुद्धा हलेना. मला वाटलं, काम असं पक्कं व्हायला हवं.

मे उजाडला. एके दिवशी मागच्या कोपऱ्यातल्या बोल्टाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या. आठवड्याभरात त्यातली एक रेष काठापर्यंत गेली. दुसऱ्या कोपऱ्यातही तेच.

जीप घेऊन धुळ्याला, फायबरचं काम करणाऱ्या एका मिस्तरींकडे गेलो. एरंडोल, पारोळा मागे टाकत जाताना प्रत्येक खड्ड्याला टप कुरकुरत होता. मिस्तरींनी तडा पाहिला, बोल्टावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “भाऊ, हाऊ टप शे, कुलूप नई.”

त्यांनी मला जे समजावलं ते मी नंतर आकड्यांत मांडून पाहिलं. उन्हाने फायबर पोलादाच्या दुप्पट-अडीचपट वाढतं. दोन मीटर लांबीचा टप, जानेवारीतल्या पहाटे दहा अंश आणि मेच्या दुपारी उन्हात साठ, म्हणजे पन्नास अंशांचा फरक. तेवढ्यात टप अडीच-तीन मिलिमीटर लांबतो. खालचं लोखंड मात्र जेमतेम सव्वा मिलिमीटर. उरलेली वाढ कुठे जाणार? बोल्टाने वाट अडवली, तर ती भोकाच्या कडेवरच फुटते. शिवाय एक चाक खड्ड्यात गेलं की जीपची चासी पीळ घेते, काचेची चौकट आणि मागची बॉडी एका पातळीत राहत नाहीत. तो पीळही टपालाच सोसावा लागतो. लोखंड वाकून दाखवतं, फायबर तसं दाखवत नाही. ते सोसतं, आणि मग तडकतं.

तडे घासून त्यांवर काचतंतूंची नवी मॅट रेझिनने चढवायची होती. हे काम पहाटेच, असं मिस्तरींनी बजावलं. रेझिनच्या शंभर भागांना हार्डनर एक-दोन भागच पुरतो, पण खानदेशी उन्हाळ्यात दुपारी कालवलं तर रेझिन ब्रश फिरण्याआधी डब्यातच थिजतं आणि डबा हाताला चटका देतो. दोन थर चढले, सुकले. मग त्यांनी मधली दोन भोकं बोल्टाच्या मापाची ठेवली आणि टोकाकडची सगळी कानशीने लांबट केली. ८ मिलिमीटरच्या बोल्टाला १० मिलिमीटरची जागा. टप आणि बॉडीमध्ये सलग रबर, आतून पोलादी पट्टी, बोल्टाखाली रुंद वॉशर. सगळे नट आधी हाताने लावले, मग समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळले. रबर दबलं, तिथे पाना थांबला.

लहानपणी गावच्या लोहारशाळेत बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना पाहिली होती. लोहार धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित तोकडी करायचा, गोवऱ्यांच्या आरात तापवायचा, फुगलेली धाव चाकावर बसवून वर पाणी ओतायचा. वाफेच्या लोटात धाव आकसायची आणि सगळे आरे गच्च व्हायचे. तिथे लोखंडाच्या हालचालीने चाक बांधलं जायचं, इथे फायबरच्या हालचालीला वाट द्यायची होती. दोन्ही ठिकाणी कारागिराने वस्तूचा स्वभाव आधी ओळखला. मी ओळखला नव्हता. मी फक्त जोर लावला होता.

ही अडचण एकट्या माझी नव्हती. अमेरिकेत हौशी लोक १९३२ च्या फोर्डच्या घाटाची फायबरची बॉडी, चासी, इंजिन असं सगळं सुटं आणून घरच्या घरी हॉट रॉड नावाच्या वेगवान गाड्या जोडतात आणि उघड्या गाडीवर फायबरचा टप चढवतात. १९५३ मध्ये शेवरलेच्या कॉर्व्हेटने फायबरची बॉडी कारखान्यात आणली. आपली जीपही सुरुवातीला विलीजच्या सुट्या भागांतून मुंबईत माझगावला जोडली जात होती. जगात कुठेही असा टप बसवणाऱ्यापुढे प्रश्न हाच असतो: दोन वेगळ्या स्वभावांच्या वस्तू एकत्र कशा ठेवायच्या?

मराठीत ढिलं आणि सैल हे शब्द आपण सरसकट वापरतो. त्या दिवसापासून मला ते वेगळे ऐकू येतात. ढिलं म्हणजे कुणी लक्ष न दिल्यामुळे राहिलेलं. सैल म्हणजे मोजून ठेवलेलं. कानशीने काढलेला तो दोन मिलिमीटरचा अवकाश निष्काळजीपणाचा नव्हता. सगळ्या कामात जास्त वेळ त्यालाच लागला होता. माणसांशी जोडून घेताना मी अनेकदा जानेवारीतल्या त्या सकाळसारखा पाना फिरवला आहे. मुलाचं शिक्षण, भावाशी व्यवहार, घरातल्या रीतीभाती, सगळं न हलणारं करण्याच्या नादात. तडे तिथेही कोपऱ्यातच पडले, आणि ऊन चढल्यावरच दिसले.

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. रबर बदलण्यासाठी परवा टप उतरवला. टोकाच्या वॉशरखाली घासल्याची बारीक चंद्रकोरीसारखी खूण होती, जेमतेम एक मिलिमीटर रुंदीची. भोकाच्या कडेला एकही तडा नव्हता.