चाके टेकल्यावर

विमानाची चाके जमिनीस टेकली म्हणजे प्रवास संपला, असा आपणा सर्वांचा समज असतो. वस्तुतः वैमानिकाची खरी कसोटी तेथूनच पुढे लागते.

विमानाचे सुकाणू शेपटीस असते आणि वैमानिक ते पायांनी फिरवितो. त्याचे सारे बळ त्यावरून वाहणाऱ्या हवेचे. वेग मंदावला की ते बळही ओसरते. अशा वेळी आडवा वारा सुटला, तर उभ्या शेपटीवर त्याचा दाब पडून विमानाचे तोंड वातकुक्कुटाप्रमाणे वाऱ्याकडे वळू लागते.

जुन्या विमानांत ही अडचण फार असे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी श्री. जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जुहू येथे टपाल आणले. त्यांचे ते लहानसे पस मॉथ विमान पुढील दोन चाकांवर व शेपटीवर टेकणारे होते. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे पडतो. आमच्या माढ्याकडील बैलगाडीच पाहा ना! बैल पुढे ओढतात तोवर ती सरळ येते. तीच मागे रेटू लागावे, तर पाहता पाहता आडवी होते. तद्वत या विमानास किंचित वळण मिळाले की ते वाढतच जाते आणि विमान गर्रकन फिरते. पुढे नाकाखाली चाक आले, गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे गेला, आणि विमान आपोआप सरळ होऊ लागले.

तथापि धोका अजिबात टळला, असे नव्हे. 14 सप्टेंबर 2023 रोजी विशाखापट्टणमहून आलेले एक लहान खाजगी जेट विमान मुंबईस मुसळधार पावसात उतरताना धावपट्टीच्या बाजूस भरकटले व मोडले. सुदैवाने आतील आठही माणसे वाचली.

हे सर्व मी केवळ कुतूहलापोटी जाणून घेतले नाही. मला वैमानिक व्हावयाचे आहे, आणि त्या अपघाताची चित्रे पाहिल्यापासून आई या गोष्टीस रुकार देत नाही. मी तिला बैलगाडीच्या दाखल्याने सारे समजावून सांगितले. दिशा चुकू लागताच पायाने हलकी व वेळेवर दुरुस्ती करावी, दांडगाई करू नये. आणि उतरताना काही बिनसलेसे दिसले, तर वेळीच यंत्राचा जोर वाढवून पुन्हा वर जावे व दुसरी फेरी घ्यावी, हेही सांगितले.

आई बराच वेळ स्तब्ध होती. मग म्हणाली, “चारचौघे पाहत असले, तरी माघारी वर जायला तू लाजणार नाहीस ना?”

“नाही लाजणार,” मी म्हणाले.

“बरे तर. आधी गणित आणि पदार्थविज्ञान नीट कर. मग तुझ्या बाबांशी मी बोलते.”