घर, भुई आणि पोटखराबा

'घर' या शब्दाच्या मुळाशी गेलं तर छप्पर सापडत नाही, चूलही नाही, सापडतं कुंपण. प्राकृतातून आलेल्या या शब्दामागे संस्कृत 'गृह' उभा आहे. पाणिनीच्या परंपरेत तो 'ग्रह्', म्हणजे घेणं, धरणं, या धातूवरून साधतात. तौलनिक भाषाशास्त्र मात्र त्याला वेढा घालणं, आवार करणं अशा अर्थाच्या फार जुन्या मुळाशी नेतं. शहराला म्हणतात तो रशियन 'गोरद' त्याच मुळाचा, इंग्रजी 'यार्ड'ही. म्हणजे मार्केट यार्डातला कांद्याचा ढीग भाषेच्या नात्यानं घरातच पडलेला असतो! आपला 'वाडा' संस्कृत 'वाट'वरून आला, तिथेही अर्थ कुंपणाचाच.

ऋग्वेदात घराला 'दम' असाही एक शब्द आहे. लॅटिन 'डोमुस' त्याचा सख्खा भाऊ. दमाचा पती तो दंपती: एकवचनात घरधनी, द्विवचनात नवराबायको. ग्रीकांकडे हाच समास 'देस्पोतेस' झाला आणि इंग्रजीत 'डेस्पॉट', जुलमी सत्ताधीश. लग्नपत्रिका छापणाऱ्यांना हे न सांगितलेलंच बरं.

पृथ्वीची नावं मात्र कुंपणात मावत नाहीत. पृथ्वी म्हणजे रुंद, पसरलेली. भूमी 'भू'वरून; असणं, होणं. लॅटिन 'टेरा' म्हणजे कोरडी. तिचं मूळ आणि आपल्या तहानेचं, तृष्णेचं मूळ एकच. समुद्राच्या मानानं कोरडी, असं त्या लोकांना म्हणायचं असेल. मराठवाड्यात उन्हाळा काढलेल्या माणसाला दुसराच अर्थ लागतो.

माझ्या मनात सगळ्यांत जास्त घोळतो तो शब्द 'जमीन'. आला फारसीतून, पण परका नव्हे. ऋग्वेदात भूमीला 'क्षम्' म्हणतात, त्याच्याच कुळातला हा. रशियन 'झेम्ल्या', लॅटिन 'ह्यूमस' तिथलेच, आणि लॅटिनमधला माणूस, 'होमो', तोही. मराठीनं मात्र कामांची वाटणी करून टाकली. पाठ टेकायची ती भुईला, राबायचं ते मातीत, गेलेल्याला द्यायची ती मूठमाती. मोजायची, गहाण टाकायची, भावाभावांनी जिच्यापायी कोर्टात जायचं, ती जमीन. सातबाऱ्यावर तिचीच नोंद: नमुना ७ मध्ये मालक, नमुना १२ मध्ये पिकं. जिथे नांगर चालत नाही त्या खडकाळ तुकड्यालाही त्या कागदावर नाव आहे, पोटखराबा.