म्हणजे

वडील एसटीत. 1986 सालच्या दिवाळीत त्यांची बदली झाली आणि मी पाचवीतून पाचवीतच गेलो, फक्त गाव बदललं. दाखल्यावर कारण होतं 'वडिलांची बदली' आणि प्रगती 'समाधानकारक'. वडील निर्धास्त होते. बालभारतीचं पुस्तक राज्यभर एकच, मग अडतंय कुठं?

अडलं ते 'म्हणजे'पाशी.

तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला लागायचं. पहिलीपासून आलं ते 2000 साली. जुन्या शाळेत गुरुजी खिडकीशी उभे राहून सूर लावायचे, "सी ए टी कॅट, कॅट म्हणजे?" आणि आम्ही पन्नास जण कौलं हलतील असे ओरडायचो, "मांजर!" त्या 'म्हणजे'वर गुरुजींचा आवाज किंचित चढायचा, पायरीवर हात धरून वर घ्यावं तसा. पाठ अर्धा कळो न कळो, सूर सापडला की तोंड आपोआप उघडायचं.

नव्या शाळेत बाईंनी मला उभं केलं. मी वाचलं, "धिस इज अ कॅट, कॅट म्हणजे..." वर्ग फिदीफिदी हसला. बाई रागावल्या नाहीत. "इथं नुसतं इंग्रजी वाचायचं हं," एवढंच म्हणाल्या. पण मधला शब्द काढला तसा पुढचाही घशात राहिला. वहीतही तीच तऱ्हा. चार रेघांत मी अक्षरं सुटी सुटी मांडायचो, इथली पोरं एकमेकांना शेपटीनं बांधून लिहायची. 'क्ष' आणि 'ज्ञ' पचवलेला मी, पण ही जोडणी काही हाताला येईना. मार्चपर्यंत इंग्रजीच्या तासाला मी फक्त हजेरीपुरता बोललो. येणारे शब्दसुद्धा विसरल्यासारखं केलं. तेच सोयीचं होतं.

खरं सांगायचं तर बाई चांगल्याच होत्या. पुढं त्यांच्यामुळंच मला इंग्रजी वाचता आलं. मोठ्यानं वाचायला मात्र आजही नको वाटतं.

परवा भाच्याचा फोन आला. जिल्हा परिषदेची शाळा सोडून तो यंदा सहावीला तालुक्याच्या गावी सेमी इंग्रजीत गेलाय. जुन्या शाळेत गणितात पहिला, आणि आता रडकुंडीला आलेला.

"मामा, एलसीएम म्हणजे?"

"लसावि."

पलीकडं क्षणभर शांतता. मग, "एवढंच? मग तसं सांगायचं ना!"