डाळिंबामागून ढाक्याला

इंदापूरच्या बाजार समितीत डाळिंबाचे सौदे सुरू झाले की एक गोष्ट हमखास कानावर येते. "आज बांगलादेश चालू आहे," नाहीतर "बांगलादेश बंद आहे." त्यावर आमच्या भगव्या डाळिंबाचा भाव हलतो. हे गिऱ्हाईक आहे तरी कोण, ते डोळ्यांनी बघावं म्हणून 2019 च्या जानेवारीत एका व्यापारी मित्राबरोबर निघालो. दौंडहून आझाद हिंदनं हावडा, तिथून टॅक्सीनं चितपूरचं कोलकाता स्टेशन आणि सकाळची ढाक्याला जाणारी मैत्री एक्स्प्रेस.

पासपोर्ट, कस्टम सगळं गाडीत बसण्याआधीच उरकलं. 2017 पर्यंत त्यासाठी सरहद्दीवरच्या गेदे आणि दर्शना स्टेशनांत सामानासकट उतरावं लागे. आता दारं बंद, ती थेट ढाक्यात उघडणार. गेदे गेलं, दर्शना आलं. शेतं तशीच, फक्त पाट्यांवर दुसरा देश.

आमच्याकडे दौंड-बारामती गाडी 1914 पासून नॅरोगेजवर धावायची. पुण्या-मुंबईला निघालेला माणूस दौंडला गाडी बदलायचा, हे जुनी मंडळी अजून सांगतात. एका जिल्ह्यात दोन गेज, आणि इथं दोन देशांत एकच ब्रॉडगेज! मार्गाचा बराच भाग फाळणीआधीचा, पद्मेवरचा हार्डिंग पूल 1915 चा. 1965 च्या युद्धात या वाटेवरच्या प्रवासी गाड्या थांबल्या, त्यानंतर मैत्री सुटली ती 14 एप्रिल 2008 ला.

दुसऱ्या दिवशी बुडीगंगेकाठच्या बादामतलीत गेलो. फळांचा मोठा घाऊक बाजार. एका आडतदारानं आम्ही महाराष्ट्रातले म्हणताच आमच्याच भागातली एक पेटी पुढं ओढली आणि पालथी केली. वरच्या थरात एकसारखी लालबुंद फळं, खाली लिंबाएवढी चिल्लर, दोन तडकलेली. मोडक्या हिंदीत म्हणाला, "ऊपर राजा, नीचे प्रजा." मित्र हसला. मला हसू आलं नाही. पेटी कुणाचीही असो, नाव आमच्या मुलखाचं जात होतं.

परतल्यावर आम्ही प्रतवारी आमच्या शेडमध्येच, नजरेसमोर करायला लागलो. तोच आडतदार पुढच्या हंगामात फोनवर भाव बोलू लागला.

जुलै 2024 मध्ये मैत्री पुन्हा बंद पडली. सरहद्दीवरच्या पेट्रापोलवरून ट्रक त्यानंतरही जात राहिले. माल पोचतो, पैसेही येतात. पण पेटी पालथी करून दाखवायला समोर माणूस लागतो. म्हणून ही गाडी सुरू व्हावी, असं आमच्यासारख्या बागायतदाराला वाटतं.